वाचकांचे प्रश्न : गुंतवणूकदार व्हिसासाठीचा पैसा आणि त्याचा माग

अमेरिकेत गुंतवणूक करून ग्रीन कार्ड मिळवण्याच्या ‘ईबी-५’ या प्रवर्गाविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी पैशाशी थेट संबंध असलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. ज्यांनी अजून अर्ज केलेला नाही त्यांनी बहुतेक ‘किती लागतील?’ असे विचारले आहे, तर ज्यांचे अर्ज अडकले आहेत त्यांनी ‘आता आणखी कोणता कागद द्यावा?’ असे विचारले आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाला जागा थोडी आणि दुसऱ्याला बरीच दिली आहे. सर्व रकमा अमेरिकी डॉलरमध्ये आहेत.

प्रश्न : ईबी-५ साठी कोणी पाच लाख डॉलर सांगतो, कोणी नऊ लाख, तर कोणी साडेदहा लाख. नेमकी रक्कम कोणती धरायची?

उत्तर : आपल्याला हे आकडे सांगणारे तिघेही आपापल्या काळापुरते खरेच बोलत आहेत. १९९० च्या कायद्याने हा प्रवर्ग सुरू झाला तेव्हा सर्वसाधारण गुंतवणूक १० लाखांची आणि ग्रामीण किंवा अधिक बेरोजगारीच्या भागात ५ लाखांची ठरली होती, आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे या रकमांना कोणी हात लावला नाही. २१ नोव्हेंबर २०१९ पासून त्या १८ लाख आणि ९ लाख करण्यात आल्या. पण ज्या नियमाने ही वाढ झाली तो नियमच कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने जून २०२१ मध्ये रद्दबातल ठरवला आणि जुने आकडे पुन्हा लागू झाले. त्यानंतर १५ मार्च २०२२ रोजी या प्रवर्गाच्या सुधारणेचा कायदा झाला. त्यानुसार आता सर्वसाधारण रक्कम १०,५०,००० आणि सवलतीची रक्कम ८,००,००० आहे. याच कायद्यात १ जानेवारी २०२७ पासून दर पाच वर्षांनी महागाईच्या प्रमाणात या रकमा वाढवण्याची तरतूद असल्याने, सध्याचा आकडा कायमचा समजून कोणी निवांत राहू नये.

आठ लाखांची सवलत ग्रामीण भागातील, राष्ट्रीय सरासरीच्या किमान दीडपट बेरोजगारी असलेल्या भागातील आणि सार्वजनिक पायाभूत सुविधांच्या प्रकल्पांना मिळते. एखादा भाग अधिक बेरोजगारीचा आहे की नाही, हे पूर्वी राज्य सरकारे ठरवून देत असत. आता तो अधिकार केवळ संघीय स्थलांतर खात्याकडे आहे. त्यामुळे प्रकल्पाच्या माहितीपत्रकात तसा दावा छापलेला असला तरी खात्याची मान्यता आहे का, हे स्वतंत्रपणे पाहावे.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात उशिरा येते. आठ लाख म्हणजे रोजगार निर्माण करणाऱ्या उपक्रमात प्रत्यक्ष पोचलेले आठ लाख. प्रकल्प चालवणारी संस्था जे प्रशासकीय शुल्क घेते, ते या रकमेतून वजा करता येत नाही. ते वरून भरावे लागते. शिवाय २०२२ च्या कायद्यापासून त्या शुल्काचा पैसा कुठून आला, हेही दाखवावे लागते. वकिलाची फी आणि खात्याचे अर्जशुल्क यांचा हिशेब अर्थातच वेगळा.

प्रश्न : माझ्या खात्यात आवश्यकतेपेक्षा अधिक रक्कम दोन वर्षांपासून पडून आहे. बँकेचे प्रमाणपत्र आणि खातेउतारा जोडला तर पुरेसे होईल ना?

उत्तर : होणार नाही. पैसा आपल्याजवळ आहे, एवढेच खातेउताऱ्यावरून कळते. तो आपण कायदेशीर मार्गाने मिळवला, हे त्यावरून कळत नाही. अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने १९९८ मध्ये ईबी-५ च्या चार प्रकरणांत दिलेले निर्णय आजही प्रमाण मानले जातात, आणि बँकेची पत्रे किंवा जमा नोंदी दाखवल्याने पैशाचा स्रोत सिद्ध होत नाही, ही गोष्ट त्यांत स्पष्ट सांगितलेली आहे. पैसा खात्यात किती काळ पडून होता, याला इथे फारसे महत्त्व नाही. इतर काही देशांत मात्र अशी मुदतीची अट होती. ब्रिटनचा २० लाख पौंडांचा गुंतवणूकदार व्हिसा फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद झाला. त्याच्या शेवटच्या काही वर्षांत दोन वर्षांपेक्षा कमी काळ जवळ असलेल्या पैशाचा स्रोत दाखवावा लागत असे. ‘दोन वर्षे जुना पैसा चालतो’ हा समज बहुधा तिथून आला असावा. अमेरिकेत दहा वर्षे जुन्या पैशालाही तोच प्रश्न विचारला जातो.

कायद्याने मागितलेले कागद असे : गेल्या सात वर्षांची वैयक्तिक आणि व्यवसायाची करविवरणपत्रे, व्यवसाय असल्यास त्याची नोंदणी, उत्पन्नाच्या इतर स्रोतांचे पुरावे, आणि गेल्या पंधरा वर्षांत आपल्याविरुद्ध पैशाच्या वसुलीचा न्यायालयीन निकाल झाला असल्यास त्याची प्रत. पण सगळे कागद जमले म्हणजे काम झाले असे नाही. त्यांतून एक सलग साखळी दिसली पाहिजे. पैसा कमावला गेला त्या दिवसापासून तो उपक्रमाच्या खात्यात पडला त्या दिवसापर्यंत, मधली एकही कडी न तुटता, तपासणाऱ्या अधिकाऱ्याला बोट ठेवत जाता आले पाहिजे.

समजा, आपण पंधरा वर्षांपूर्वी घेतलेले घर विकून आठ लाख उभे केले. विक्रीचा दस्त आणि खरेदीदाराने भरलेल्या रकमेची जमा नोंद, एवढे बहुतेक जण जोडतात आणि तिथेच थांबतात. अधिकारी मात्र एक पायरी मागे जातो : घर मुळात कोणत्या पैशांतून घेतले होते? मग मूळ खरेदीखत, त्या वेळचे पगाराचे पुरावे, गृहकर्ज घेतले असेल तर त्याचा करार आणि ते कोणत्या उत्पन्नातून फेडले याच्या नोंदी लागतात. विक्रीच्या नफ्यावर कर भरल्याची पावती लागते. पुढे ती रक्कम मुदत ठेवीत ठेवली, ठेव मोडून दुसऱ्या बँकेत नेली आणि तिथून एस्क्रो खात्यात (अटी पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाकडे पैसा राखून ठेवणाऱ्या खात्यात) पाठवली असेल, तर प्रत्येक टप्प्यावर एका खात्यातून वजा झालेली आणि दुसऱ्यात जमा झालेली रक्कम शेजारी शेजारी ठेवून दाखवावी लागते. दोन्हींत फरक असेल तर तो बँकेच्या शुल्काचा आहे की चलनदराचा, हे एका ओळीत लिहून द्यावे. मधल्या काळात त्याच खात्यातून घरखर्च चालला असेल, पगार जमा झाला असेल आणि कोणाला उसने दिले गेले असतील, तर मूळ रक्कम वेगळी ओळखणे कठीण होते. म्हणून अर्जाचा विचार पक्का झाला की पहिले काम म्हणजे एक कोरे खाते उघडून गुंतवणुकीचा पैसा त्यातूनच फिरवणे. इतका साधा उपाय, पण तो वेळेवर फार थोडे करतात.

याच उदाहरणातील खातेउताऱ्यात विक्रीनंतर तीन आठवड्यांनी ४०,००० डॉलरची एक जमा नोंद आहे आणि तिच्यापुढे काहीच लिहिलेले नाही, असे धरा. आपल्याला ठाऊक असते की मित्राने पूर्वी घेतलेले पैसे परत केले. अधिकाऱ्याच्या दृष्टीने ती अज्ञात स्रोताची रक्कम असते, आणि बाकी साखळी निर्दोष असूनही अधिक पुराव्याची मागणी करणारी नोटीस या एका ओळीसाठी येऊ शकते. अशा वेळी मित्राचे प्रतिज्ञापत्र हवे, त्याच्या खात्यातून त्याच दिवशी तेवढीच रक्कम वजा झाल्याची नोंद हवी, आणि मूळ पैसे आपण त्याला केव्हा व कसे दिले होते याचा पुरावाही हवा. ती रक्कम गुंतवणुकीसाठी लागणारच नसेल तर ती वेगळ्या खात्यात घालणे केव्हाही श्रेयस्कर.

सिद्धतेचे मानक त्या मानाने कडक नाही. फौजदारी खटल्यासारखे निःसंशय सिद्ध करायचे नसते. आपले म्हणणे खरे असण्याची शक्यता खोटे असण्यापेक्षा अधिक आहे, इतके दाखवायचे असते. मूळ कागद नष्ट झाले असतील तर संबंधित कार्यालयाकडून तसे लेखी घेऊन दुय्यम पुरावा देता येतो, आणि तोही नसेल तर व्यवहाराची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन त्रयस्थ व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे देता येतात. इंग्रजीत नसलेल्या प्रत्येक कागदाचे पूर्ण भाषांतर, भाषांतरकाराच्या प्रमाणपत्रासह, जोडावे लागते. सारांश चालत नाही. शिक्क्यांवरील आणि समासातील मजकूरही भाषांतरात आला पाहिजे.

प्रश्न : निम्मी रक्कम वडील बक्षीस म्हणून देणार आहेत आणि उरलेली मोठा भाऊ बिनव्याजी देणार आहे. घरातलाच पैसा असल्याने त्याचा स्रोत विचारला जाणार नाही, असे सल्लागाराने सांगितले. हे बरोबर आहे का?

उत्तर : सल्लागाराने चुकीचे सांगितले आहे. बक्षीस आणि उसनवारी या दोन्ही मार्गांनी आलेला पैसा चालतो, पण २०२२ च्या कायद्याने त्याला स्पष्ट अट घातली आहे : तो सद्भावनेने दिलेला असावा आणि पैशाचा खरा उगम झाकण्यासाठी ही वाट काढलेली नसावी. ही खात्री पटवण्यासाठी देणाऱ्यालाही आपल्याच ओळीत उभे राहावे लागते. सात वर्षांची विवरणपत्रे, व्यवसायाचे कागद, मिळकतीचे पुरावे हे सगळे वडिलांचे आणि भावाचेही द्यावे लागेल. यातून सूट आहे ती कर्ज देणाऱ्या बँकेला; नातेवाइकांना नाही.

बक्षीसपत्रात रक्कम, तारीख, नाते आणि ‘ही रक्कम परत घेण्याचा कोणताही हक्क राहणार नाही’ हे वाक्य असावे. भावाशी झालेला कर्जाचा करार पैसे येण्यापूर्वीच्या तारखेचा असावा. पैसे आल्यानंतर सहा महिन्यांनी मागची तारीख घालून करार तयार करण्याचा मोह काहींना होतो. तो आवरावा, कारण खोट्या कागदामुळे केवळ हाच अर्ज जातो असे नाही. पुढच्या कोणत्याही अमेरिकी व्हिसाची दारे बंद होऊ शकतात.

कागद मागितल्यावर वडील नाराज होतील, असेही आपण पत्रात लिहिले आहे. अनेक घरांत खरी अडचण हीच असते. मुलाला पैसे द्यायला हरकत नसते. पण स्वतःच्या तीस वर्षांच्या व्यवहारांची वही परक्या सरकारपुढे उघडायची तयारी नसते. ही तयारी आहे का, हे पैसे स्वीकारण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

प्रश्न : स्वतःच्या घरावर कर्ज काढून गुंतवणूक केली तर ती माझी गुंतवणूक मानली जाईल का?

उत्तर : होय. स्वतःच्या मालमत्तेवर काढलेल्या कर्जाबद्दल पूर्वीही फारसा वाद नव्हता. तारणाशिवाय घेतलेल्या कर्जाबद्दल मात्र होता. कर्जाची रक्कम अर्जदाराच्या वैयक्तिक मालमत्तेने सुरक्षित असलीच पाहिजे, असा खात्याचा आग्रह असे. २७ ऑक्टोबर २०२० रोजी वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयाने हा आग्रह फेटाळला आणि कर्जातून हाती आलेली रोख ही रोखच असते, असा निर्वाळा दिला. तरीही दोन पथ्ये कायम आहेत. ज्या उपक्रमात पैसा घालायचा त्याचीच मालमत्ता त्या कर्जाला तारण ठेवता येत नाही. आणि आपण तारण ठेवलेले घर मुळात कायदेशीर पैशांतून घेतले होते, हे वर घरविक्रीच्या उदाहरणात सांगितलेल्या पद्धतीने दाखवावे लागतेच. हप्ते कोणत्या उत्पन्नातून फेडणार, हा विचार खात्यासाठी नसला तरी स्वतःसाठी अवश्य करावा, कारण गुंतवणूक परत येण्याची तारीख आपल्या हातात नसते.

प्रश्न : एका प्रकल्पाचे प्रतिनिधी पाच वर्षांनी मुद्दल परत देण्याची लेखी हमी देत आहेत. इतरांपेक्षा हा प्रकल्प अधिक सुरक्षित वाटतो. घ्यावा का?

उत्तर : ज्या कागदामुळे आपल्याला सुरक्षित वाटते आहे, त्याच कागदामुळे अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता आहे. ईबी-५ मधील पैसा जोखमीत असावा लागतो, म्हणजे नफ्याची संधी आणि तोट्याचा संभव दोन्ही असावे लागतात. मुद्दल परत मिळण्याचा करारबद्ध हक्क गुंतवणूकदाराला असेल किंवा परताव्याचा दर हमखास ठरलेला असेल, तर ती रक्कम कायद्याच्या व्याख्येतले भांडवल ठरत नाही. ते एक प्रकारचे कर्ज ठरते. उपक्रमाने स्वतःच्या इच्छेने गुंतवणूकदाराचा हिस्सा विकत घेण्याचा पर्याय राखून ठेवला असेल तर तो चालतो. गुंतवणूकदाराने मागितल्यावर तो घेण्याचे बंधन चालत नाही. ‘घेऊ शकेल’ आणि ‘घेईल’ या दोन क्रियापदांवर प्रकरणाचा निकाल लागू शकतो. त्यामुळे करार स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्यावा. प्रकल्पाने सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे.

याच्या उलट टोकाची चूकही होते. उपक्रमाच्या खात्यात पैसे भरले आणि ते तिथेच पडून राहिले, तर तीही जोखीम मानली जात नाही. प्रत्येक गुंतवणूकदारामागे किमान दहा पूर्णवेळ नोकऱ्या, म्हणजे आठवड्याला किमान ३५ तासांच्या, निर्माण व्हाव्या लागतात, आणि पैसा त्या कामाला लागल्याचे दिसावे लागते.

प्रश्न : पूर्ण रक्कम एकदम उभी होत नाही. काही भाग आता आणि बाकीचा वर्षभरात भरला तर अर्ज करता येईल का?

उत्तर : कायदा ‘गुंतवणूक केलेला किंवा गुंतवणूक करण्याच्या प्रक्रियेत प्रत्यक्ष असलेला’ अर्जदार मान्य करतो, म्हणून तत्त्वतः करता येतो. पण गुंतवणुकीचा नुसता इरादा पुरत नाही. उरलेल्या रकमेची बंधनकारक बांधिलकी आणि ती कोणत्या कायदेशीर स्रोतातून येणार याचा पुरावा अर्जाच्या वेळीच द्यावा लागतो. विकायला काढलेले घर वर्षभरात विकले जाईल, ही आशा झाली. त्या घराच्या विक्रीचा करार झालेला असेल, तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत आधीच कामाच्या व्हिसावर असलेले काही जण या मार्गाने लवकर अर्ज करतात, कारण व्हिसा क्रमांक (म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या कोट्यातील जागा) उपलब्ध असल्यास त्यांना ग्रीन कार्डाचा अर्जही सोबतच देता येतो. माझे मत असे की, उरलेली रक्कम निम्म्याहून अधिक असेल तर थांबावे.

प्रश्न : आमच्या देशातून वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा अधिक परकीय चलन पाठवता येत नाही. नातेवाइकांच्या नावाने तुकड्या-तुकड्यांनी पाठवले तर?

उत्तर : यात दोन वेगवेगळे कायदे गुंतले आहेत. अमेरिकी कायदा पैसा पाठवणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची ओळख विचारतो. म्हणजे आपल्या वतीने पाच नातेवाइकांनी रक्कम पाठवली तर पाचही जणांची नावे, त्यांना ती आपण कशी दिली याच्या नोंदी, आणि नोंदी नसल्यास समाधानकारक खुलासा द्यावा लागतो. तसे करणे आपल्या देशाच्या चलन कायद्यात बसते का, हा दुसरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तिथल्या बँकेकडून किंवा सनदी लेखापालाकडून लेखी घ्यावे. बँकेबाहेरून पैसा पोचवून देणाऱ्यांच्या नादी लागू नये. स्वस्त वाटणाऱ्या त्या मार्गात साखळी नेमकी मधोमध तुटते आणि ती पुन्हा जोडण्यासाठी कोणताही कागद उरत नाही. कुटुंबातील प्रत्येक सज्ञान व्यक्तीची स्वतंत्र वार्षिक मर्यादा असेल, तर आधी रीतसर बक्षीस देऊन मग ज्याच्या त्याच्या खात्यातून रक्कम पाठवता येते का, हे पाहावे.

प्रश्न : एक लाख डॉलरमध्ये ‘ई-२’ व्हिसा मिळतो, असे ऐकले. आणि ‘गोल्ड कार्ड’ हे ईबी-५ च्या जागी आले आहे का?

उत्तर : ई-२ मध्ये किमान रकमेचा आकडाच नाही. गुंतवणूक व्यवसायाच्या एकूण खर्चाच्या मानाने भरीव असावी, इतकेच नियम म्हणतो. लहान व्यवसायात जवळजवळ सगळा खर्च स्वतःचा अपेक्षित असतो, मोठ्या व्यवसायात थोडे कमी प्रमाणही चालते. पण हा तात्पुरता व्हिसा आहे आणि अमेरिकेशी तसा करार असलेल्या देशांच्या नागरिकांपुरता आहे. भारत आणि चीन त्या यादीत नाहीत. पैसे देऊन एखाद्या करारबद्ध देशाचे नागरिकत्व घेतले, तर डिसेंबर २०२२ पासून त्या देशात आधी सलग तीन वर्षे वास्तव्य असण्याची अट आहे.

गोल्ड कार्ड, म्हणजे सरकारला पैसे देऊन कायम वास्तव्य मिळवण्याची योजना, सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सुरू झाली. व्यक्तीसाठी १० लाख डॉलरची ती गुंतवणूक नसून सरकारला दिलेली देणगी आहे, म्हणजे ती परत येत नाही. आदेशाने संसदेचा कायदा रद्द होत नसल्याने ईबी-५ कायम आहे.

प्रश्न : गुंतवलेला पैसा परत केव्हा मिळतो?

उत्तर : १५ मार्च २०२२ नंतर केलेल्या अर्जांसाठी रक्कम किमान दोन वर्षे गुंतलेली राहणे आवश्यक आहे, आणि ही दोन वर्षे पूर्ण रक्कम गुंतवली गेल्यापासून मोजावीत, असे खात्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्याआधीच्या अर्जदारांना सशर्त (म्हणजे सुरुवातीला दोन वर्षांपुरत्या मिळणाऱ्या) ग्रीन कार्डाची दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत रक्कम ठेवावी लागते, आणि ज्या देशांच्या अर्जदारांची रांग लांब आहे त्यांच्यासाठी ही मुदत पुष्कळ लांबली. मात्र दोन वर्षे ही खात्याची किमान मुदत झाली. प्रत्यक्ष पैसा केव्हा परत करायचा हे प्रकल्पाच्या करारावर आणि तो प्रकल्प कमावतो की नाही यावर अवलंबून असते. करारातील मुदतीचे आणि ती वाढवण्याच्या अधिकाराचे कलम सही करण्यापूर्वी काढून बघावे. एक-एक वर्षाच्या दोन वाढी व्यवस्थापनाच्या मर्जीने घेता येतील, अशा धर्तीचे वाक्य बहुधा त्यातच सापडते.